पाचव्या अर्थाची चिठ्ठी

"हा अर्थ अजून कोरा कसा?" संपादकबाईंनी चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर पेपरवेटही ठेवला. "सगळं 'जी' अक्षर छापखान्यात जायला तयार आहे. एकट्या 'गिव्ह अप'पाशी अडलंय. चार अर्थ झाले, पाचव्याला वाक्यच नाही."

"मिळालं नाही अजून," मी म्हणालो.

"अहो, इतकं साधं वाक्य! जेवायला बोलावलेला माणूस तासभर उशिरा येतो, तेव्हा दार उघडणारा काय म्हणतो? रोज कुणी ना कुणी म्हणतच असतं की."

"माझ्याकडे कुणी जेवायला येत नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी विनोद केला की तक्रार, हे त्यांना कळेना. मलाही नक्की सांगता आलं नसतं. शेवटी त्या म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळी दहाला छापखान्याचा माणूस येतोय. तोवर वाक्य द्या, नाहीतर पाचवा अर्थच काढून टाकते. माझाही नाइलाज आहे."

तो मंगळवार होता.

आमची कचेरी इंग्रजी-मराठी शब्दकोशाची. तीन खोल्या, मोठमोठी कपाटं, कपाटांत खण आणि खणांत चिठ्ठ्या. मी इथे चौतीस वर्षं आहे. त्यातली शेवटची चार तर निवृत्तीनंतरची. 'जी' संपेपर्यंत थांबा, असं मला सांगितलं आणि मी थांबलो. घरी बसून तरी काय दिवे लावणार होतो?

कोशाच्या पहिल्या संपादकांनी एक नियम घालून दिला, तो अजून कुणी मोडलेला नाही. इंग्रजी शब्दाचा अर्थ द्यायचा आणि खाली मराठी वाक्य द्यायचं, ते ऐकलेलं. बनवलेलं नाही, ऐकलेलं. हाडामांसाच्या माणसानं, समोरच्या कुणाला तरी, गरज पडली म्हणून बोललेलं. चिठ्ठीच्या मागे तीन रकाने असतात: कोण बोललं, कुठे, कधी. त्यामुळे आम्ही कारकून जन्मभर कान टवकारून हिंडलो. बसमध्ये, दवाखान्यात, रांगेत. लोकांना वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतो हा माणूस! माझी बायको मात्र मला ओळखून होती. ती पाहुण्यांना सांगायची, "हे माझं ऐकत नाहीत, फक्त माझी वाक्यं ऐकतात."

त्यातही सगळ्यात जास्त डोकं खातात ती इंग्रजीतली ही जोडक्रियापदं. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर. वेगवेगळे असतात तोवर दोघेही सज्जन, पण एकत्र आले की काय करतील त्याचा नेम नाही. 'गिव्ह अप'चे आम्ही पाच अर्थ धरले. पहिला, सवय सोडणे. त्याला आमच्या रखवालदाराचं वाक्य आहे: "डॉक्टरांनी डोळे वटारले तेव्हा कुठे सिगारेट सुटली." दुसरा, आपली जागा दुसऱ्याला देणे: "बसा आजी, मी पुढच्या थांब्यावर उतरणारच आहे." ही बसमधली एक विद्यार्थिनी. ती पुढच्या थांब्यावर उतरली नाही, पुढे चार थांबे उभीच होती. तेही मी चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवलंय. तिसरा, हार मानणे: "हरले बाबा, आता तुम्हीच सांगा उत्तर," हे माझ्या सुनेचं. चौथा, स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होणे. त्या एका वाक्यासाठी माझा एक सहकारी सहा दिवस कोर्टाच्या आवारात बसून होता. आणि पाचवा, एखाद्याची वाट पाहणं सोडणे. तो आता येत नाही, असं धरून चालणे.

या पाचव्याची एक गंमत आहे. लोक हे वाक्य बोलतात ते बहुतेक वेळा तो माणूस आल्यावर. "आलास? आम्ही तर तुझी आशाच सोडली होती!" दार उघडं धरून, हसत हसत बोलतात. जो येतच नाही त्याच्याबद्दल असं कुणी बोलत नाही. निदान मोठ्यानं तरी नाही.

बाईंना मी खोटं सांगितलं होतं. हे वाक्य मी अकरा वर्षांत पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. शेजारच्या दारात ऐकलंय, स्टेशनच्या फलाटावर ऐकलंय, एकदा तर याच कचेरीत. पण ते चिठ्ठीवर उतरवायला हात धजावला नाही, कारण ते मला स्वतःला बोलायचं होतं.

माझा मुलगा फ्रिज दुरुस्त करायचा. अकरा वर्षांपूर्वी एका बुधवारी सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो घराबाहेर गेला तो गेलाच. भांडण नव्हतं, आजारपण नव्हतं. ज्या घरी चिठ्ठ्यांचा एवढा सुळसुळाट, तिथे त्यानं दोन ओळींची चिठ्ठी ठेवली नाही. ज्यांचा फ्रिज बिघडला होता त्यांच्याकडे तो पोचलाच नव्हता. पोलिसांनी शोधलं, मित्रांनी शोधलं, मी दवाखाने पालथे घातले. नको त्या ठिकाणी जाऊन नको ते चेहरेही पाहून आलो. त्यांत तो नव्हता, एवढंच कळलं.

पहिल्या वर्षी बायको म्हणाली, "तो आला की त्याला काही बोलू नका हं. तुमची जीभ फार तिखट." तेव्हा मी वाक्य ठरवून टाकलं. रागवायचं नाही, रडायचं नाही, कुठे होतास असंही विचारायचं नाही. जेवायला उशीर झालेल्याला म्हणावं तसं साधं म्हणायचं, "आलास? आम्ही तर तुझी आशाच सोडली होती." न्हाणीघराचं दार लावून, आरशात बघून मी ते म्हणून पाहिलं आहे. सूर नीट लागायला बरेच दिवस गेले.

चौथ्या वर्षी बायको गेली. मग 'आम्ही'चं 'मी' करावं लागलं आणि वाक्य लंगडं पडलं. "मी तर तुझी आशाच सोडली होती," यात ठपका ठेवल्यासारखं वाटतं. पुष्कळ विचार केला आणि सुनेला माझ्या बाजूला धरून 'आम्ही' तसंच राहू दिलं.

आणि आता सून लग्न करणार होती.

तो गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. बायको होती तोवर ती आमच्याकडेच राहिली. नंतर लॅबजवळ खोली घेतली, पण रविवार कधी चुकवला नाही. येते, माझ्या औषधांच्या डब्या भरते, खिडक्यांचे पडदे धुवायला काढते, शब्दकोड्यात मला हरवायचा प्रयत्न करते आणि जाते. मागच्या वर्षी एका रविवारी ती एकटी आली नाही. बरोबर एक टक्कल पडत चाललेला, अबोल माणूस होता. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवतो. मी त्याच्यावर राग धरून बसलो होतो. त्यानं पाणी प्यायलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमचा चष्मा डावीकडे कललाय. बघू?" त्यानं तो काढून घेतला, काडी बोटांनी हलकेच वाकवली, भिंगं पुसली आणि पुन्हा माझ्या नाकावर ठेवला. सगळं जग सरळ झालं. अशा माणसावर राग टिकवायचा म्हणजे मोठं कष्टाचं काम.

लग्नासाठी कागद हवा होता. माणूस इतकी वर्षं बेपत्ता आहे आणि तो येईल अशी आशा नाही, असं सरकारनं लिहून द्यायचं. त्यासाठी बाकी सगळं तिनं जमवलं होतं. फक्त वडिलांचा, म्हणजे माझा, जबाब राहिला होता, तोही समक्ष.

बुधवारी संध्याकाळी ती लॅबमधून थेट घरी आली. चप्पलही काढली नाही.

"बाबा, उद्या गुरुवार."

"माहीत आहे. कॅलेंडर आहे माझ्याकडे."

"चारपर्यंतच असतात ते जबाब घेणारे साहेब. तीन तारखा गेल्या आपल्या. एकदा तुम्हाला सर्दी झाली, एकदा कचेरीत काम निघालं, एकदा चष्मा मोडला."

"चष्मा खरंच मोडला होता."

"हो, आणि तो ज्यानं जोडून दिला तो त्या दिवशी माझ्याबरोबर दोन तास तिथल्या बाकावर बसला होता!" तिला हसू आलं, पण ते तिनं आवरलं. "साहेब म्हणाले, उद्या वडील आले नाहीत तर प्रकरण बंद. मग सगळं पहिल्यापासून. म्हणजे आणखी दोन वर्षं तरी कुठे गेली नाहीत. मी सदतीसची आहे, बाबा. मला मूल हवंय."

"तू सोडलंस त्याला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"त्याला नाही सोडलं," ती म्हणाली. "वाट बघणं सोडलं. रोज लॅबमध्ये फोन वाजला की माझ्या हातातली नळी थरथरायची. सात वर्षं थरथरली. आता नाही थरथरत. मला त्याचं वाईटही वाटलं, पण बरंही वाटलं. तुम्हाला एवढे शब्द येतात, याला काय म्हणतात ते तुम्हीच शोधा." आणि दारात वळून म्हणाली, "उद्या नाही आलात तर मी चिडणार नाही. पण पुन्हा विचारणारही नाही."

गुरुवारी मी अडीचलाच कचेरीतून निघालो. तीनच्या आत तिथे पोचलो. म्हणजे तिथे नाही, समोरच्या पोस्टात. आत भिंतीशी एक बाकडं आहे आणि त्याच्यासमोर काचेची मोठी खिडकी. तिच्यातून रस्त्यापलीकडचं ते कार्यालय दिसतं. मी बाकड्यावर बसलो आणि घड्याळाकडे पाहू लागलो. चार वाजले की ते बंद होणार आणि मी सुटणार, हा माझा सरळ हिशोब होता. मी भित्रा माणूस आहे, हे मला त्या बाकड्यावर स्वच्छ कळलं आणि कळूनही मी उठलो नाही.

साडेतीनला तो चष्मेवाला कार्यालयाच्या पायऱ्यांवर आला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आत गेला. पावणेचारला सून बाहेर आली. ती सगळ्यात खालच्या पायरीवर उभी राहिली. माझ्या उंचीचा कुणी लांबून येताना दिसला की ती टाचा उंचवायची. तो माणूस जवळ आला, दुसराच निघाला, की टाचा खाली. पुन्हा कुणी दिसलं, पुन्हा टाचा वर. एकदा तर ती हात हलवायला गेली आणि ओशाळून तिनं तोच हात केसांवरून फिरवला.

अकरा वर्षं हे मी स्वतः केलंय. गॅलरीत, फलाटावर, बसच्या थांब्यावर. पण वाट पाहणारं माणूस बाहेरून कसं दिसतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. फार वाईट दिसतं. आणि ज्याची वाट पाहिली जातेय तो समोर काचेआड बसून घड्याळ बघतोय, हे त्याहून वाईट. माझा मुलगाही कुठेतरी असाच एखाद्या काचेआड बसला असेल का, असा विचार मनात आला. मी उठलो. रस्ता ओलांडताना एका टेम्पोवाल्यानं मला मनसोक्त शिव्या घातल्या.

सुनेनं मला पाहिलं तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध होतो. ती धावत पुढे आली, माझं कोपर धरलं आणि एकदम हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"आम्ही तर आशाच सोडली होती!"

मी जागच्या जागी थांबलो. सूर अगदी तोच होता, जो मला आरशासमोर कित्येक दिवस लागत नव्हता. तिला तो पहिल्या झटक्यात लागला. आणि त्यातलं 'आम्ही' तिचं नि त्या चष्मेवाल्याचं होतं. मी त्यात नव्हतो. मी आता, ज्याची वाट पाहिली तो होतो.

"चला ना, पाच मिनिटं राहिलीत," ती म्हणाली.

साहेब तरुण होता, सकाळपासूनच्या कामानं थकलेला. समोर छापील अर्ज होता. तो विचारायचा आणि भरायचा. मुलाची उंची, अंगावरची खूण, शेवटचं कधी पाहिलं.

"जाताना काय म्हणाला?"

"'येतो' म्हणाला."

त्यानं लिहिलं. मी चष्मा सावरून वाचलं. "'परत येतो असे सांगून गेला', असं लिहिलंत तुम्ही. 'परत' खोडा. तो नुसतं 'येतो' म्हणाला. जाणारा प्रत्येक माणूस म्हणतो तसं."

"मास्तर होतात का?"

"शब्दकोशात आहे."

त्यानं 'परत' खोडलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती आधीच छापलेली होती: 'सदर इसम परत येईल अशी मला कोणतीही आशा उरलेली नाही.'

"ही ओळ बदलता येईल?" मी विचारलं. शेजारी सुनेचा श्वास थांबल्याचं मला ऐकू आलं. "म्हणजे असं लिहिता येईल का, की माझी आशा मी माझ्यापुरती ठेवीन, तिच्यासाठी दुसऱ्या कुणाला थांबवून ठेवणार नाही?"

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं पेन खाली ठेवलं. "आजोबा, मला समजतंय. पण मजकूर ठरलेला असतो. यावर सही केली तरच काम होतं."

चौतीस वर्षं बनवलेल्या वाक्याला मी हात लावला नव्हता. सही केली ती नेमकी बनवलेल्या वाक्याखाली. नाव नीट आलं. सुनेनं टेबलाखालून माझा डावा हात धरून ठेवला होता, तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही. चष्मेवाल्यानं रिक्षा थांबवली आणि मला आत बसवताना माझ्या डोक्यावर हात धरला, वरची दांडी लागू नये म्हणून.

घरी आल्यावर मी चिठ्ठी लिहिली. कोण बोललं: सून. तो शब्द लिहून मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो. आजच्या सहीनंतर तो किती दिवस टिकेल, मला माहीत नव्हतं. पण बोलली तेव्हा ती सून होती आणि आमच्याकडे बोलल्या वेळचं धरतात. कुठे: सरकारी कार्यालयाच्या पायऱ्यांसमोर. कधी: गुरुवार, चारला पाच कमी.

शुक्रवारी साडेनऊला मी ती संपादकबाईंपुढे ठेवली.

"'आम्ही तर आशाच सोडली होती!'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "वा! अगदी बोलतात तसं आहे." मग चिठ्ठी उलटली. सून, काल, पायऱ्या. त्यांचा चेहरा एकदम बदलला. माझ्या मुलाचं कचेरीत सगळ्यांना ठाऊक आहे, विचारत कुणी नाही इतकंच. बाई अर्ध्या उठल्या, त्यांची खुर्ची मागे सरकली.

"म्हणजे... आला? कोण आलं?"

"मी," मी म्हणालो. "मला पोचायला उशीर झाला होता."

बाई हळूच खाली बसल्या. चिठ्ठीच्या कोपऱ्यात त्यांनी सही केली, पण मान वर केली नाही. मग त्यांनी ती आधीच्या चार चिठ्ठ्यांखाली ठेवली आणि गठ्ठ्याला दोरा बांधला. गाठ त्यांना दोनदा सोडून पुन्हा मारावी लागली.

छापखान्याचा माणूस दहाला आला आणि 'जी' घेऊन गेला. वाक्य आता छापलं जाईल, कुणाचंही होईल. मुलगा कधी आलाच, तर दारात त्याला काय म्हणायचं, ते मला नव्यानं शोधावं लागेल.